नावं पडत असताना तो काय करत असतो?

अनगोळचा सायकलवाला (धागाकर्ता)

लहानपणी मी एकाही सिनेमाची सुरुवातीची नावं पडद्यावर पडताना बघितलेली नाहीत. कारण तिसरं रेल्वे गेट. बेळगावात अनगोळहून कॅम्पात ग्लोब टॉकीजला जायचं म्हणजे पुढे दांडीवर मी, मागे कॅरियरवर आई, आणि मधे घामाघूम बाबा. आम्ही गेटाजवळ पोचायला आणि गेट पडायला एकच गाठ. मीटरगेजची मालगाडी लोंढ्याच्या बाजूनं इतकी रमतगमत यायची की बाबा सायकलवरून उतरून बिडी शिलगावायचे. "न्यूजरील चालू असेल अजून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. न्यूजरील कधीच संपलेली असायची. डोअरकीपरच्या बॅटरीमागनं, लोकांच्या पायांवर पाय देत खुर्ची सापडेपर्यंत पडद्यावर हिरो कुणाशी तरी भांडायला लागलेला असायचा. हा कोण, कुठला, कशाला भांडतोय, हे मी मध्यंतरापर्यंत शेजारच्याला विचारत बसायचो.

गेल्या महिन्यात गुडघा धरला म्हणून घरी पडून होतो. मुलीनं टीव्हीवर 'गाईड' (१९६५) लावून दिला. सिनेमा चौथ्यांदा बघत होतो, पण पहिल्यापासून पहिल्यांदाच.

राजू तुरुंगातून सुटतो आणि चालायला लागतो. त्यावर नावं पडतात. गाणं सचिनदेव बर्मननी स्वतः म्हटलंय, थकलेल्या नावाड्याच्या आवाजात. देव आनंदचे ओठ हलत नाहीत, म्हणजे हे राजू म्हणत नाहीये. दुसराच कुणीतरी राजूला विचारतोय की बाबा रे, निघालास खरा, पण तिथं तुझं कोण आहे? आता गंमत बघा. हा माणूस पुढे (म्हणजे कथेत मागे) अख्खा सिनेमाभर बोलणार आहे. प्रवाशांशी बोलणार, नर्तकी रोझीला बोलून बोलून उभी करणार, बोलूनच गोत्यात येणार. त्याचा धंदाच दुसऱ्याला वाट दाखवण्याचा. आणि पहिल्या पाच मिनिटांत तो मुका आहे, आणि कुठल्या वाटेनं जायचं हे त्याला ठाऊक नाही. गाणं संपल्यावर देवळात झोपलेल्या राजूच्या अंगावर एक साधू आपली भगवी शाल घालून जातो. राजूनं मागितलेली नसते. लोक त्याला स्वामी म्हणायला लागतात ते त्या शालीवरनं.

मी तीनदा हा सिनेमा या पाच मिनिटांशिवाय बघितला होता. तिन्ही वेळा मला राजू लफंगा वाटला.

तर सांगा, कुठल्या सिनेमाच्या नावांमध्येच तुम्हाला मुख्य पात्र भेटलं? एकच अट. हिरोची एन्ट्री नको. पाय दिसले, बूट दिसले, धूळ उडाली, शिट्ट्या पडल्या, ते नको. ते वेगळं प्रकरण आहे.

कुंदा_पार्सल

काका, तुमच्या सिनेमाचं टायटल म्हणजे बंद पडलेलं गेट. :)

निपाणीचा ऑपरेटर

मी सांगतो की. निपाणीत आणि आजूबाजूच्या जत्रांत तंबू टॉकीजला धरून अकरा वर्षं मशीन चालवलं. नावं सगळ्यात जास्त कुणी बघितली असतील तर ऑपरेटरनं. खरं बघितली म्हणजे वाचली नाहीत. पहिलं रीळ लागलं की आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं, त्याच्या अक्षरांवर फोकस लावायचा. अक्षराची कड फाटली नाही म्हणजे चित्र बरोबर. मग फ्रेम वरखाली असली तर ती नावांवर जुळवायची. म्हणजे लोकांना नट-नट्यांची नावं, आणि आम्हाला चष्म्याच्या दुकानातला तक्ता.

सर्टिफिकेटावर किती रिळं ते लिहिलेलं असायचं. तंबूत एक जण मोठ्यानं वाचायचा, "सतरा!" की बाकीचे खूश. जास्त रिळं म्हणजे जास्त सिनेमा, पैसे वसूल. त्रिकोण दिसला तर ओरडा, कारण त्रिकोण म्हणजे कात्री लागलेली.

आता मुद्द्याचं. तुम्ही गेटामुळे नावं चुकवलीत, आमच्याकडे नावंच अर्धी यायची. हजार फुटाचं रीळ अकरा मिनिटं चालतं. त्यातलं पहिल्या रिळाचं तोंड रोज मशीनमध्ये ओवायचं, रोज ओढायचं. ते फाटणारच. फाटलं की कापायचं आणि फिल्म सिमेंट (फिल्म चिकटवायचा द्रव) लावून जोडायचं. मोठ्या शहरात दोन-तीन वर्षं हिंडून प्रिंट आमच्यापर्यंत येईस्तोवर सुरुवातीचं किती उरलंय हे नशीब. एक सिनेमा तर असा आला की त्यात सिनेमाचं नावच नव्हतं. मालक म्हणाले, "पोस्टरवर आहे, बास झालं."

एक सुरुवात मात्र शाबूत मिळाली आणि मी ती फोकस सोडून बघितली. 'मदर इंडिया' (१९५७). म्हातारी नर्गिस मातीचं ढेकूळ तोंडाजवळ धरून बसलीय, आणि भोवतीनं ट्रॅक्टर चाललेत. तिचं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. तंबूत पुढे जमिनीवर बसलेल्या बायका दिवसभर तंबाखूच्या शेतातनं आलेल्या. त्या गप. ओळख करून द्यावी लागली नाही.

खानापूरची अक्का

शोले! कुणी कसं म्हटलं नाही अजून?

माझी एक लाज सांगते. 'शोले'चं शूटिंग रामनगरला झालं हे पेपरात वाचलं आणि कॉलेजला जाईपर्यंत मी समजत होते ते आमचं लोंढ्याजवळचं रामनगर. मामाचं घर तिथं. मी सुट्टीत जाऊन डोंगर शोधायची. मामा म्हणायचा, "अगो, ते बंगळूरजवळचं." माझा विश्वास बसला नाही तो नाहीच.

नावं आठवा. गाडी येते, जेलर उतरतो, रामलाल दोन घोडे घेऊन थांबलेला. दोघे निघतात आणि आर. डी. बर्मनची ती गिटार सुरू होते. खडक, झुडपं, ओढा, गाव. जय नाही, वीरू नाही, गब्बर नाही. कोण तरी जेलर आणि कोण तरी नोकर, आणि इतका वेळ आपण त्यांच्या घोड्यांमागे.

कुंदा_पार्सल

अक्का, पण मग त्यात पात्राची ओळख कुठाय? ती जागेची ओळख झाली.

खानापूरची अक्का

थांब गा, पुरतं ऐक. त्या घोड्यांना कुणी पाठवलंय? ठाकूरनं. तो स्वतः स्टेशनावर का आला नाही? पाहुण्याला न्यायला मालक येत नाही, असला कसला हा माणूस? आपण विचार करत नाही, कारण म्युझिक चांगलं आहे. घरी पोचल्यावर तो शाल पांघरून उभा. मग पुढे कितीतरी वेळानं कळतं की शालीखाली हात नाहीत. घोड्याचा लगाम धरायला हात लागतात, नाही का? सगळी नावं लगाम धरलेल्या माणसांवर पडली आणि ज्याचा हा सिनेमा आहे तो लगाम धरू शकत नाही म्हणून त्यात नाही.

हे मला सातव्यांदा बघताना कळलं. आधी सहा वेळा मीही घोडेच बघत होते.

अनगोळचा सायकलवाला

अक्का, नमस्कार घ्या. माझ्या डोक्यात हे कधीच आलं नसतं.

कुंदा_पार्सल

मान्य. शस्त्र खाली ठेवलं.

मग त्याचाच थोरला भाऊ सांगतो. सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८). तीन बंदूकवाले एका ओसाड स्टेशनावर गाडीची वाट बघतायत. एकाच्या टोपीवर थेंब थेंब पाणी गळतंय, एक जण माशी बंदुकीच्या नळीत पकडतो, पवनचक्की करकरतेय. नावं हळूहळू पडतात. वाटतं हेच तिघे मुख्य. गाडी येते, जाते, आणि पलीकडे एक जण माउथऑर्गन घेऊन उभा. पुढच्या दोन मिनिटांत तिघेही खलास. म्हणजे इतका वेळ ज्यांची ओळख झाली ते संपले, आणि ते ज्याची वाट बघत होते तो उरला. तीन पोचलेले लोक ज्याला एवढे दचकून असतात तो काय असेल, हे सांगायला एक शब्द खर्च नाही.

आणि माझा लाडका, 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७). जॉन ट्राव्होल्टा ब्रुकलिनच्या रस्त्यावरनं गाण्याच्या ठेक्यात चालतोय. चाल अशी की रस्ता त्याच्या बापाचा. दुकानाच्या काचेतल्या बुटाशी स्वतःचा बूट लावून बघतो. पिझ्झाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खातो. पोरींच्या मागे वळतो. सगळं राजाचं. फक्त हातात रंगाचा डबा आहे. साहेब रंगाच्या दुकानात कामाला आहेत आणि गिऱ्हाईक तिकडे खोळंबलंय. सिनेमा त्या चालीचा नाही, त्या डब्याचा आहे.

मी इथं बेंगळुरात ऑफिसला जाताना अगदी असाच चालतो. हातात डबा असतोच. आईनं पाठवलेल्या भाकरीचा.

तालमीतला

बॉक्सिंगचा एक सिनेमा आहे काळापांढरा, रॉबर्ट डी नीरोचा. नाव विसरलो. त्याची सुरुवात सांगा कुणीतरी.

कुंदा_पार्सल

'रेजिंग बुल', १९८०, मार्टिन स्कोर्सेसी. रिंगमध्ये एकटा डी नीरो, अंगावर टोपीचा झगा, स्लो मोशनमध्ये हवेत ठोसे. समोर कुणीच नाही. धुरात मागे फोटोवाल्यांचे दिवे चमकतात. पुढे दोरखंडाच्या आडव्या रेषा, आणि मागे मास्काग्नीच्या ऑपेराचं शांत, रडवेलं संगीत. अख्ख्या काळ्यापांढऱ्या चित्रात सिनेमाचं नाव तेवढं लाल.

तालमीतला

हां, तोच. आता माझं ऐका, मी सिनेमातला नाही, मातीतला आहे.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितल्यात ना? जोडीतला पैलवान येतो, माती उचलून कपाळाला लावतो, मग गोल फिरतो. शड्डू ठोकतो, मान हलवतो, हवेत हात फिरवतो. अजून समोरचा आलेलाच नसतो. जुनी माणसं म्हणतात, कुस्ती तिथंच बघून घ्यावी. कोण घाबरलाय, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण लोकांसाठी नाचतोय, सगळं त्या एका फेरीत दिसतं. पुढे फक्त निकाल.

त्या बॉक्सरचं मला काय लागलं सांगतो. तो झगा काढत नाही, आणि समोर माणूस नाही. सबंध सिनेमा तो बायकोशी भांडतो, भावाशी भांडतो, शेवटी कोठडीत भिंतीशी भांडतो. समोर कुणी असायची गरजच नाही त्याला. आणि नावं संपली की एकदम तो जाडा, म्हातारा, ड्रेसिंग रूममध्ये. डी नीरोनं त्यासाठी वजन वाढवलं होतं म्हणे.

कुंदा_पार्सल

जवळजवळ २७ किलो.

तालमीतला

आमच्यात लोक कुस्ती सोडली की फुकटात वाढवतात.

उद्यमबाग_शिफ्ट

सगळे जुने, नाहीतर बाहेरचे. सायकलवाले काका, तुम्ही एन्ट्री नको म्हणून अट घातलीत तिथंच माझा आक्षेप. ही अट पुण्या-मुंबईच्या फिल्म क्लबातली आहे. आमच्या भागात सिनेमा बघायला शिकलो तोच एन्ट्रीवर. रजनीकांतची ती पाटी. एकेक निळा ठिपका जुळून अक्षरं होतात, सुपर स्टार, मग नाव. 'अण्णामलै'पासून (१९९२) सुरू झाली ती. देवाचं संगीत. ती पाटी पडली की थिएटरात नाणी, कागद, फुलं. आणि माणूस कोण? बेंगळुरातल्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, बसचा कंडक्टर. बेळगावच्या मराठी पोराला ती पाटी बघून काय वाटतं हे तुम्ही सांगू नका.

'केजीएफ' (२०१८) घ्या. अनंत नाग नुसता बोलतो, आणि रॉकी दिसायच्या आधीच तो डोंगराएवढा झालेला असतो. ही ओळख नाही का?

अनगोळचा सायकलवाला

शिफ्टवाले, रागावू नका. रजनीची पाटी मलाही आवडते. पण ती पाटी कुणाची ओळख करून देते? रजनीकांतची. दूधवाला अण्णामलै असो नाहीतर रिक्षावाला माणिक, पाटी तीच. म्हणजे पाटीला सिनेमातल्या माणसाशी देणंघेणं नाही. ती आपल्याला सांगते, तुमचा माणूस आलाय, निर्धास्त बसा. 'गाईड'ची नावं उलट करतात. ती म्हणतात, या माणसाबद्दल निर्धास्त होऊ नका.

'केजीएफ'चं मात्र मला उत्तर सुचत नाही. विचार करतो.

गोकाकची सून

मी बरेच दिवस नुसती वाचत असते. आज लिहितेच.

माहेर बेळगाव, मराठी शाळा. सासर गोकाक तालुका. सासरी पहिल्या वर्षी जत्रेत श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघायला नेलं. मला कन्नड तेव्हा "साकु" (पुरे) आणि "बेड" (नको) एवढंच. कुळगोडच्या तम्मण्णांनी हा खेळ नावारूपाला आणला, आणि कौजलगी निंगम्मा ही नटी म्हणजे त्यातलं दैवत, हे सासूबाई सारखं सांगायच्या. दोन्ही गावं तेव्हा आमच्याच तालुक्यातली, त्यामुळे अभिमान डबल.

तिथं काय होतं बघा. सत्यभामा येते. आधी पडदा धरलेला, त्यामागे पैंजण. भागवत, म्हणजे खेळ चालवणारा गायक, गातो. ती पडद्याआडनं थोडी दिसते, परत जाते. लोक वेडे होतात. ही तुमची एन्ट्री. शिट्ट्यासुद्धा पडतात. पण मग ती समोर आली की भागवत तिला विचारतो, तू कोण, कुठली, कशाला आलीस? सगळ्या गावाला माहिती आहे ती कोण. तरी विचारतो. आणि ती जे उत्तर देते त्यात सगळी सत्यभामा आहे. कुणाची मुलगी, कुणाची बायको, किती दागिने, रुक्मिणीपेक्षा मी कशी वरचढ. स्वतःची ओळख करून देता देता तिचा तोरा आणि तिची भीती दोन्ही बाहेर पडतात. मला भाषा कळत नव्हती, पण ती कुणाशी तरी बरोबरी करतेय हे कळलं.

म्हणून म्हणते, शिफ्टवाले दादा आणि सायकलवाले काका, दोघेही अर्धे बरोबर. आमच्याकडे एन्ट्री आणि ओळख एकाच पडद्यामागनं येतात. सिनेमावाल्यांनी पैंजण ठेवले आणि भागवताचा प्रश्न गाळला.

आणखी एक, विषयाला सोडून. मी कन्नड वाचायला शिकले ती सिनेमाच्या नावांवरनंच. टीव्हीवर रविवारी कन्नड नट राजकुमारचे सिनेमे लागायचे. गोलगोल अक्षरं. 'राजकुमार' कुठं लिहिलंय हे अंदाजानं कळायचं, कारण ते सगळ्यात मोठं. त्यातनं रा, ज, कु, मा, र सुटे केले. मग दुसऱ्या नावांत तीच अक्षरं शोधायची. 'बंगारद मनुष्य' मी असा उलगडला, वहीत लिहून. सासूबाईंना वाटायचं सून फार भक्तीनं सिनेमा बघते.

निपाणीचा ऑपरेटर

वहिनी, आमचं उलटं. आमच्या पोस्टर चिकटवणाऱ्या पोराला वाचता येत नव्हतं. तो राजकुमारचं नाक बघून कन्नड आणि दादा कोंडकेंची नाडी बघून मराठी ओळखायचा.

शहापूरचे मास्तर

धागा आत्ता वाचला, उशिरा आलो. (गेट नव्हे, डोळ्यांचं ऑपरेशन.)

सूनबाईंचा भागवत वाचून राहवलं नाही. आपल्या जिल्ह्यातलंच आणखी एक घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचा, १८४३ सालचा. त्यांनी १८८० मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. मूळ नाटक कालिदासाचं. त्याची प्रस्तावना, म्हणजे आपल्या भाषेत नावं, मी वर्गात पंचवीस वर्षं शिकवली, आणि पोरं ती गाळून थेट हरणावर यायची. परीक्षेत विचारत नाहीत ना.

सूत्रधार येतो, नटीला म्हणतो, ग्रीष्मावर काहीतरी गा. ती गाते. तो इतका रंगतो की तिलाच विचारतो, आता आपण कुठलं नाटक करायचं बरं? नटी म्हणते, आत्ताच तुम्ही सांगितलंत की, शाकुंतल. तो म्हणतो, खरंच, क्षणभर विसरलो. तुझ्या गाण्यानं मला असं ओढून नेलं, जसं त्या वेगवान हरणानं या दुष्यंत राजाला. आणि तो हे म्हणतोय तोवर हरणामागे रथ येतो.

आता बघा. नाटक कशावर आहे? एका विसरलेल्या माणसावर. राजा शकुंतलेला विसरतो. आणि पहिल्या पानावर, राजा यायच्या आधी, नाटक करणाराच नाटक विसरतो. मग राजाची ओळख होते ती "ओढला गेलेला" अशी. शूर म्हणून नाही, थोर म्हणून नाही. ज्याला समोर धावणारी सुंदर वस्तू ओढून नेते असा माणूस. पुढचे सात अंक त्या एका उपमेत आहेत.

सायकलवाल्यांच्या अटीत हे बसतं की नाही सांगा. रथ आहे, म्हणजे एन्ट्रीही आहे.

अनगोळचा सायकलवाला

मास्तर, अट मागे घेतो. एन्ट्री असू दे. त्यातनं माणूस दिसला म्हणजे झालं.

चिकोडी_नॉनस्टॉप

'सेव्हन' (१९९५) राहिला. डेव्हिड फिंचरचा, नावं काइल कूपरनी केलेली. कुणाची तरी बोटं दिसतात. वहीत बारीक लिहिणं, फोटो कापणं, सुईदोरा, ब्लेडनं स्वतःच्या बोटाची कातडी सोलणं. अक्षरंही ओरखडे काढल्यासारखी थरथरतात. डिटेक्टिव्ह दोघे, आपण त्यांच्या मागे जातो आणि ते हात विसरतो. खुनी समोर येतो फार उशिरा. त्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव सुरुवातीच्या नावांत घातलेलंच नाही. हात दाखवले, नाव लपवलं.

आणि आपल्यातलं घ्यायचं तर 'फँड्री'. सुरुवातीलाच जब्या गुलेर घेऊन काळ्या चिमणीमागे रानात. पोरगं नेम धरतंय एवढंच कळतं. शेवटचा दगड कुणीकडे येतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

आजकाल मोबाईलवर 'स्किप इंट्रो' दाबतात सगळे. माझा भाचा तर नावं आली की बोट तयारच ठेवतो. आता गेट खिशात आलंय.

वडगावचा_धोटा

सगळ्यांना नमस्कार. मला मदत पाहिजे म्हणून लिहितोय, धागा पळवायचा हेतू नाही.

मी आणि दोन मित्र मिळून पंधरा मिनिटांची फिल्म करतोय. वडगावातले एक माग चालवणारे काका, वय सत्तरच्या पुढे. सुरुवातीला राजहंसगडावरनं ड्रोन शॉट, मग शहर, मग खासबाग, मग गल्ली, मग घर, आणि दारात काका हसतायत, त्यावर नावं. ड्रोन भाड्यानं ठरवला पण आहे. तुमचं सगळं वाचून आता शंका यायला लागलीय.

खानापूरची अक्का

काका गडावर राहतात काय रे?

वडगावचा_धोटा

नाही अक्का.

खानापूरची अक्का

मग?

तालमीतला

आणि हसायला कशाला लावतोस? कॅमेऱ्याकडे बघून हसणारा माणूस म्हणजे निवडणुकीचा बोर्ड. ते काका दिवसभरात पहिलं काय करतात ते सांग.

वडगावचा_धोटा

सकाळी उठून दिवा लावतात. मग मागाला हात लावून पाया पडतात. मग काकू सुताच्या कांड्या भरून ठेवतात त्या घेतात, धोट्यात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या होडीत) घालतात. रात्री लाईट गेली असेल तर ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) कुठला धागा तुटलाय ते अंधारातच बोटानं बघतात. डोळ्यांनी बघतच नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, डोळा चुकतो. तुटलेला सापडला की दोन बोटांत चिमटीत धरून, पीळ देऊन जोडतात. गाठ दिसत नाही. एवढं झालं की लाईट यायची वाट बघत बसतात. लाईट आली की खटखट सुरू.

गोकाकची सून

अहो भाऊ, तुम्ही लिहिलीत की सुरुवात. अंधारातली बोटं. ड्रोनचे पैसे परत मागा.

कुंदा_पार्सल

+१. अंधारात बोटं ताण्यावर फिरतायत, एकेक धागा. नावं एकेक करून त्या धाग्यांसारखी आडवी-उभी. आवाज काही नाही, फक्त बोटांची सळसळ. धागा सापडला, जोडला. मग लाईट येते, माग सुरू, आणि तेव्हा पहिल्यांदा तोंड दिसतं. फिल्मचं नाव धोटा या टोकाहून त्या टोकाला जाईल तेव्हा पाडायचं.

उद्यमबाग_शिफ्ट

लाईट येताना जोरदार म्युझिक टाक. ही एन्ट्री मला द्या सगळ्यांनी मिळून. एवढं तरी.

निपाणीचा ऑपरेटर

म्युझिक नको, मागाचाच आवाज ठेव. पण शिफ्टवाले, लाईट येण्याची वेळ मात्र तुमची. ती एन्ट्रीच आहे.

आणि पोरा, अंधारात शूट करणार तर अक्षरं जाड ठेव. पातळ अक्षर काळ्यावर फाटतं. अनुभवाचे बोल.

शहापूरचे मास्तर

काकूंचं नाव घालणार का? कांड्या त्या भरतात.

वडगावचा_धोटा

घातलं नव्हतं. घालतो.

वडगावचा_धोटा (नऊ दिवसांनी)

झालं शूट. तीन दिवस गेले, कारण लाईट जायला पाहिजे तेव्हा जाईना. एरवी रोज जाते. शेवटी तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गेली आणि आम्ही झोपेत. काकांनीच हाक मारून उठवलं, "गेली रे, या."

बोटांचा शॉट सलग चार मिनिटांचा आहे, त्यातला दीड ठेवलाय. मधे काका पुटपुटतात ते आम्हाला तिथं कळलं नव्हतं. एडिट करताना हेडफोन लावला तेव्हा कळलं, ते धागे मोजत होते. निम्मे मराठीत, निम्मे कन्नडात. ओंदु, एरडु, मूरु, मग चार, पाच, सहा. विचारलं तर म्हणाले, "असं मोजतो काय मी?" त्यांनाच माहीत नव्हतं.

म्हणून नावंही तशीच टाकलीत. एक पाटी या लिपीत, पुढची त्या लिपीत. कुणाला खटकलं तर खटकलं.

गोकाकची सून

मोजणं काढू नका हां भाऊ. माझी शपथ.

वडगावचा_धोटा

नाही काढत वहिनी. रविवारी संध्याकाळी सहाला मित्राच्या गच्चीवर दाखवतोय, अनगोळात. ज्यांना जमेल त्यांनी या, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फक्त वेळेवर या. नावं पहिल्याच मिनिटाला आहेत आणि उशिरा आलेल्यासाठी परत लावणार नाही.

अनगोळचा सायकलवाला

मी साडेपाचलाच येऊन बसतो. गच्ची गेटाच्या अलीकडे ना?